दम कुणाचा तुटला

कवडूभाऊ गेल्याचं मला छापखान्यात कळलं. बाबा छपाईचे खिळे जुळवत होते, मी एका सभेच्या पत्रकाचं प्रूफ वाचत होते, आणि शेजारच्या पानठेल्यावरचा माणूस दारातूनच म्हणाला, "ओ बाई, तुमचा शिंपी गेला म्हन्ते." बाबांच्या बोटांतला खिळा तसाच राहिला. मी विचारलं, "कोण, कवडूभाऊ?" तो म्हणाला, "हो, तोच... मोगलाईवाला." आणि पानाला चुना लावायला परत गेला.

त्या दोन शब्दांनी मला बातमीपेक्षा जास्त दुखवलं. ज्या माणसाला एके काळी सारं चांदा 'आपला कवडू' म्हणत होतं, तो मेला तेव्हा 'तुमचा' झाला होता. आणि वर्धा नदी जन्मात मोजक्या वेळा ओलांडलेला माणूस मोगलाईवाला ठरला होता. काही आठवडे मी गप्प राहिले. आता राहवत नाही म्हणून लिहिते आहे.

जटपुरा दरवाज्याच्या आत, परकोटाला, म्हणजे गावाच्या तटाला, पाठ लावून त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक फळी आणि बाहेर एक बाकडं. शिंपी म्हणून ते बरे होते, फार नावाजलेले नव्हते. गावात त्यांची ओळख होती ती हुतुतूच्या मैदानावरची. आमच्याकडे एक चाल होती, तिला 'साथ धरणं' म्हणत. आपला गडी दम घेऊन पलीकडच्या पाटात शिरला की मधल्या पाटीपाशी, म्हणजे रेषेपाशी, उभं राहून आपल्यापैकी एकानं त्याच्याबरोबर दम धरायचा. तो हुतुतू म्हणतो आहे तोवर यानंही एकाच श्वासात हुतुतू म्हणत राहायचं, म्हणजे आत गेलेल्याला एकटं वाटत नाही. पुष्कळजण साथ धरू पाहत, पण अर्ध्यावर खोकत. कवडूभाऊंची साथ कधी तुटली नाही. त्यांचा आवाज बारीक, सरळ, मशीनच्या चाकासारखा चाले. गडी परतला की ते श्वास सोडत, डोळे पुसत आणि म्हणत, "आला बाप्पा घरी." जणू पोरगं जंगलातून मोहाची फुलं वेचून सुखरूप परत आलं.

मी लहानपणापासून त्या बाकड्यावर बसत आले. बाबांच्या छापखान्यातले उरलेले कागद, संपाची पत्रकं, निवडणुकीचे जाहीरनामे, हीच माझी पुस्तकं. मी ती मोठ्यानं वाचायची आणि कवडूभाऊ चड्ड्या शिवता शिवता ऐकायचे. गावच्या व्यायामशाळेच्या साऱ्या हुतुतू संघाच्या चड्ड्या तेच शिवत. संध्याकाळी खेळाचे शौकीन जमत, लाकडाच्या गाड्या हाकणारे, आरा मशीनवरचे, कचेरीतले दोन-चार कारकून, आणि मागच्या सामन्यातली एकेक चढाई पुन्हा पुन्हा खेळली जाई. नत्थू तेव्हा अगदी कोवळा होता. पुढे तो चांद्याचा सगळ्यात मोठा चढाईवाला झाला. त्याची पहिली चड्डी कवडूभाऊंनी स्वतःच्या कापडातून शिवली होती. "लांब पायाचा हाय," ते म्हणायचे, "याच्या पायाले कापड पुरून नाई राह्यलं."

मग ते वर्ष आलं. चांदा आणि राजुरा यांच्यात ढालीसाठी तीन सामने ठरले. राजुरा तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. निजाम जाऊन काही वर्षं झाली होती, पण आमच्या लोकांच्या तोंडी पलीकडचा मुलूख अजून मोगलाईच होता. तीच मराठी, तोच भात, तीच सोयरीक. तरी मध्ये नदी होती, आणि माणसाला परकं ठरवायला तेवढं पाणी पुरतं. पहिला सामना राजुऱ्याला, धान कापून सपाट केलेल्या एका बांधीत झाला आणि चांदा हरलं. आमची मंडळी नदी उतरून परत आली ती बापाला पोचवून आल्यासारखी. त्या आठवड्यात बाकड्यावर कुणी बसलं नाही, सगळे उभ्यानंच भांडत होते. दुसरा सामना चांद्याला झाला आणि आम्ही एका गुणानं जिंकलो. त्या दिवशी अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मी पाहिलं, एक म्हातारा गाडीवान बैलाच्या मानेत हात घालून रडत होता. आज मी कितीही चिडून लिहीत असले तरी तो आनंद खोटा नव्हता. त्या लोकांना दुसरं काय जिंकायला मिळत होतं?

तिसरा सामनाही चांद्यालाच होता. परकोटावर माणसं, झाडांवर माणसं, बायकांसाठी एका बाजूला दोरी बांधलेली, तिथं मी आणि कवडूभाऊंच्या पत्नी यमुनाबाई. गुण सारखे झाले आणि शेवटची चढाई नत्थूची आली. तो आत शिरला. पाटीपाशी कवडूभाऊंनी साथ धरली. राजुऱ्याच्या दोघांनी नत्थूचे पाय धरले आणि तो पालथा पडला. हात लांब करून तो पाटीकडे सरकत होता, बोटं मातीत रुतत होती... आणि साऱ्या मैदानानं श्वास रोखला होता. हुतुतू, हुतुतू, हुतुतू एवढंच ऐकू येत होतं. बोटं पाटीला लागली. पंच पलीकडच्या बाजूला उभा होता. त्यानं कान देऊन ऐकलं आणि शिटी फुंकली. चांदा जिंकलं होतं.

पुढचं सगळं धुळीत गेलं. ढोल, गुलाल, नत्थू खांद्यावर. त्या धुळीत कवडूभाऊ पाटीपाशीच बसून राहिलेले मला दिसले. मी दोरीखालून धावत गेले. मला वाटलं, घेरी आली. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, त्याचा दम तं तुटला होता."

"कुणाचा?"

"नत्थूचा. पाटी यायच्या पह्यलेच. तोंड मातीत गेलं त्याचं. पंचाले जो आयकू आला तो माहा व्हता."

ते उठले आणि सरळ पंचाकडे गेले. पंच म्हणाला, आता शिटी झाली, निकाल फिरत नाही. मग ते राजुऱ्याच्या कप्तानाकडे गेले. तो दगडावर बसून पायातली माती झटकत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, भिडू गोळा केले नाहीत, की तक्रार केली नाही. फक्त म्हणाला, "जा भाऊ घरी. आमच्या गावचा असता अन् असा बोलला असता, तं आमीबी तुले तुडवलंच असतं." त्या दिवशीचं सगळ्यात खरं वाक्य ते असावं.

संध्याकाळी व्यायामशाळेत ढाल खिळ्याला टांगली गेली. तिथं कवडूभाऊंनी तेच पुन्हा सांगितलं. आधी सगळे हसले. "कवडूभाऊले चढली दिस्ते आज!" ते हसले नाहीत, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. एकजण म्हणाला, "काऊन बे, मोगलाईतून सोयरीक आली का?" दुसरा म्हणाला, "पंचाले नाई आयकू आलं, नत्थूले नाई आयकू आलं, तुलेच बरं आयकू आलं?" कवडूभाऊ नत्थूकडे वळले. "तू सांग बाबू. तुटला का नाई?" नत्थूच्या अंगावर हारांचं ओझं होतं. त्यानं खाली पाहिलं. मग कुणीतरी कवडूभाऊंच्या छातीला हात लावून त्यांना दारापर्यंत मागं ढकलत नेलं. मारलं नाही. तेवढी सभ्यता आम्हां चांदेकरांत आहे.

मी पेटले होते. मला वाटलं, हेच ते. याच्यासाठीच छापखाना असतो. रातोरात मजकूर लिहिला, 'चांदेकरांना जाहीर सवाल', चार उद्गारचिन्हांसह, आणि सकाळी दुकानात नेऊन वाचून दाखवला. कवडूभाऊंनी शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "चांगला लिवला. पन छापू नको."

"काऊन भाऊ? खरं हाय ना?"

"खरं हाय. पन कागदाले दम घ्या लागत नाई, पोरी. तो कुठीबी थांबत नाई. उद्या त्या नत्थूचं लगन हाय, परवा त्याचं लेकरू व्हईल, अन् कागद बोलूनच राह्यला राहील. मी तोंडानं सांगतलं. ज्याले ईचारायचं त्यानं मले येऊन ईचारावं."

"अन् कोणी आलंच नाई तं?"

त्यांनी मशीनचं चाक हातानं फिरवलं. "मंग नाई आलं."

मी त्यांना एकदा अगदी रागानं विचारलं होतं, की हे सांगून तुम्ही काय मिळवलं? खेळच तर होता. ते म्हणाले, "नत्थूचा दम तुटला याचं मले काई नाई. मानूस हाय, तुटते. पन माहा दम त्याच्या नावावर चालवला न बाप्पा यायनं. मले ईचारलं कोनी?" मी आजवर पुष्कळ जाहीरनामे वाचले, त्यांतले काही लिहिलेही. 'जनतेच्या नावानं' हे शब्द दिसले की मला हे वाक्य आठवतं, आणि लेखणी थांबते.

कुणी आलं नाही. संघाच्या चड्ड्या दुसऱ्याकडे गेल्या. बाकडं रिकामं राहू लागलं, मग त्यावर कुत्री झोपू लागली. राज्यांची पुनर्रचना झाली, राजुरा आणि चांदा एकाच राज्यात आले, नकाशावरून मोगलाई पुसली गेली. एका शिंप्याच्या कपाळावरून मात्र ती पुसायला सरकारकडे पाणी नव्हतं. सामन्यांना ते तरीही जात. सगळ्यांच्या मागं उभे राहत. साथ धरत नसत. गडी आत शिरला की ओठ घट्ट मिटत, आणि तो परत येईपर्यंत त्यांच्या गळ्याची शीर उडत असलेली मला दिसे. पुढं त्यांना दम्यानं धरलं, तेव्हा गावातल्या विनोदी लोकांना फार सोपं झालं. "दमवाल्याले दमा झाला," असं म्हणत पोरंसोरं दुकानावरून जात. कवडूभाऊ एकदा नुसते म्हणाले, "जमलं मात्र बरं त्यायले." आणि स्वतःच हसले, आणि हसता हसता खोकले ते कितीतरी वेळ.

शेवटचं भेटले तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. निजणं त्यांना जमत नव्हतं. मी काही वाचून दाखवू का म्हणून विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "नत्थू आलता का गं इकडं कधी?" मी नाही म्हणाले. "कामात राह्यत असन," ते म्हणाले... आणि डोळे मिटून घेतले. ती एक गोष्ट त्यांना हवी होती. ढाल परत जावी असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. नत्थूनं बाकड्यावर येऊन बसावं, एवढंच.

गेल्या आठवड्यात व्यायामशाळेनं शोकसभा घेतली. पत्रक आमच्याच छापखान्यात आलं. मेलेल्या माणसाशी वैर नसतं, असं बाबा म्हणाले. मी म्हटलं, तो आता बोलू शकत नाही म्हणून नसतं. तरी गेले. ढालीखाली खुर्ची, खुर्चीवर हार. फोटो नव्हता, काढलाच नव्हता कधी. अध्यक्ष फार सुंदर बोलले. निष्ठा, त्याग, गावाचं प्रेम, सगळं आलं. शेवटी त्यांनी वर बोट केलं आणि आवाज चढवून म्हणाले, "ही ढाल आपण कुणाच्या दमावर जिंकली? कवडूभाऊंच्या दमावर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत नत्थू बसला होता. आता पोट सुटलं आहे त्याचं. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत, हात मांडीखाली धरून बसला.

दाराशी बायकांत यमुनाबाई होत्या. टाळ्या ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "तेच तं सांगत होते ते."

लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. पुन्हा टाळ्या पडल्या.

सभा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले. मशीन अजून तिथंच आहे. यमुनाबाईंनी फळीवरून एक उशीचा अभ्रा काढून माझ्या हातात दिला. शेवटचं शिवलेलं ते एवढंच. "त्यायची आदत होती," त्या म्हणाल्या, "एका दमात शिवन मारायची. सुटला दम का पाय थांबवायचे." मला हे ठाऊक नव्हतं. मी शिवणीवरून बोट फिरवलं. वीत-वीत अंतरावर, मग चार-चार बोटांवर, मग त्याहून जवळ, शिवण थांबलेली होती. प्रत्येक ठिकाणी टाके उलटे घेऊन दोऱ्याची बारीक गाठ मारली होती. हाताला टोचावी इतकी उघड. कडेपर्यंत त्या गाठीच गाठी होत्या, एकही दडवलेली नव्हती.