दारातले स्टूल

सबंध हिंगोली जिल्ह्यात कोणत्याही गटात नसलेला सरकारी माणूस मी एकच पाहिला: आमच्या पाटबंधारे कार्यालयातले आरेखक. सारे त्यांना चाचा म्हणत आणि पाठीमागे विक्षिप्त ठरवीत. ठरवोत. मी नोकरीभर शहाण्यांच्या शेजारी बसलो आहे. तो अनुभव सांगण्याजोगा नाही.

आमच्याकडे दुपारच्या डब्याचे दोन गट होते, पंखेवाले आणि खिडकीवाले. पूर्वी पंखा एकच होता. तो ज्यांच्या वाट्याला आला नाही ते खिडकीशी बसले. पुढे खिडकीजवळही पंखा आला, पण तोवर रजा, बढत्या, युनियनची निवडणूक, लेकींच्या लग्नाची आमंत्रणे, सारे त्या दोन पंगतींप्रमाणे विभागले गेले होते. मी पंखेवाला. चाचा मात्र स्वतःचे लाकडी स्टूल घेऊन दारात बसत, एक पाय आत, एक बाहेर. इकडचे लोणचे तिकडे नेत, तिकडची चटणी इकडे आणत आणि दोन्हींना नावे ठेवीत. प्रत्येक गट त्यांना दुसऱ्याचा हेर समजे. साहेबांनी एकदा विचारले, "चाचा, तुम्ही नक्की कोणाचे?" चाचा म्हणाले, "जेवताना भुकेचा, साहेब. बाकी टाइम शासनाचा." कार्यालयात संगणक आले तरी कालव्यांचे नकाशे ते शाईनेच काढीत. ओल्या शाईजवळ शिंकला म्हणून एका अभियंत्याला त्यांनी व्हरांड्यात उभे केले होते.

अशात अनुकंपा तत्त्वावर एक बाई रुजू झाल्या. त्यांचे यजमान आमचेच सहकारी. खिडकीवाल्यांशी भांडून पंख्याखाली आले आणि वर्षाच्या आत वारले. खिडकीवाले म्हणत, "त्या तिकडच्या." आमच्यातला एक म्हणे, "मूळच्या तर तिकडच्याच ना!" बाई जुन्या फायलींच्या खोलीत एकट्या जेवत. घरी दोन लेकरे, मिळवणारे दुसरे कोणी नाही. तरीही एका शनिवारी त्या चाचांना म्हणाल्या, "नौकरी सोडून राहिले, चाचा. जवळा बाजारला माहेरी जाते. इथं माणसं असून न्हाईत."

"सोमवार पाहून जा, बेटा," चाचा म्हणाले.

सोमवारी आलो तर चाचांचे नकाशाचे अजस्र टेबल दालनाच्या मध्यभागी, त्यावर सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचा ओला नकाशा, आणि दोन्ही पंखे बंद. एप्रिल महिना.

"चाचा, पंखे काहून बंद केले?" आमच्यातला एकजण ओरडला.

"कागद उडतो."

"मंग टेबल हलवा."

"शाई फिसकटते."

"अन् वाळंल कवा?"

"कालवा लांब हाय, बाबा. शेवटच्या वावरात पाणी जायला टाइम लागतो."

साहेब आले, घाम पुसत परत गेले. नकाशा त्यांनीच मागितला होता.

दुपारी हवा उरली ती खिडकीची. आमचे लोक डबे घेऊन, जागेचे वैर गिळून, तिकडे सरकले. गुडघ्याला गुडघा लागला. फायलींच्या खोलीला चाचांनी कुलूप घातले होते. बाई डबा धरून उभ्या. "बस ना बेटा," चाचा म्हणाले, "आज इथं गट न्हाई, निस्ता घाम हाय." कोणी हसले. कोणी सरकले. बाईंच्या अंबाडीच्या भाजीवर पहिला हात मारला तो 'मूळच्या तर तिकडच्याच' म्हणणाऱ्याने. बाई नोकरीत राहिल्या.

भर उन्हाळ्यात तो नकाशा पावसाळ्यापर्यंत वाळला नाही. वाळला तेव्हा सारे त्याच टेबलाभोवती जेवू लागले आणि शेजारच्या लेखा शाखेविरुद्ध स्वतःला टेबलवाले म्हणवू लागले. चाचांनी स्टूल उचलले. "झाला ना गट? मंग आमी निघालो." आणि ते दारात जाऊन बसले, एक पाय आत, एक बाहेर.

आम्ही दोघेही निवृत्त झालो. पुढे चाचा गेले. परवा कामानिमित्त कार्यालयात गेलो, तर टेबलाभोवती पंगत भरलेली, आणि बदलून आलेला एक कारकून डबा घेऊन भिंतीशी उभा. त्याला कोणी बोलावीत नव्हते. बाई पंगतीतून उठल्या. कोपऱ्यातले ते स्टूल त्यांनी दारात मांडले, स्वतः उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "इकडं या, भाऊ. इथं हवा बरी हाय."

त्या दारात हवा कधीच नव्हती. बाई काय म्हणाल्या, हे चाचांना सांगायला हवे होते.