मामांचे लाकडी पेटीतले पिस्तूल

मी आज जो काही आहे तो माझ्या मामांमुळे, हवालदार सदाशिव तायडे यांच्यामुळे. हे वाक्य त्यांच्या हयातीत लिहायला हवे होते. महिन्यापूर्वी बडनेऱ्याहून तार आली तेव्हा मी अकोल्याच्या शाळेत नववीच्या वर्गाला इतिहास शिकवत होतो. तार वाचली, घडी करून खिशात ठेवली, धडा पुरा केला आणि मग स्टेशनकडे निघालो. धडा कशासाठी पुरा केला ते मला अजून कळत नाही...

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेले नव्हते. वडील वारल्यावर आईने मला मामांकडे ठेवले आणि मामांच्या घरून मी रोज सायकलने अमरावतीच्या कॉलेजात जाऊ लागलो. मामा पलटणीतून सुटल्यावर चिखलदऱ्याला एका इंग्रजाच्या कॉफीच्या मळ्यावर राखणदार होते. देश सोडून जाताना साहेबाने आपले जर्मन पिस्तूल रीतसर त्यांच्या नावावर करून दिले. त्या पिस्तुलामुळेच धामणगावच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याने मामांना कामावर घेतले. हंगामात शेठजींची रोकड रेल्वेने अमरावतीच्या बँकेत जायची. मुनीम पिशवी घेऊन पुढे आणि मामा मागे. ज्या फलाटावर माझे आजोबा लोकांपासून दूर उभे राहत, तिथे मामांना बाकावर सरकून जागा मिळे. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. घरी परत आल्यावर मामा पिस्तुलाकडे बघून हसत मामींना म्हणाले, "पंचशील घेतलं बाप्पा, आता हे चालवाची पाळी न येवो म्हंजे झालं." तशी पाळी आली नाही. लोकांना ते दिसत होते, तेवढ्यावर काम भागत होते.

ते पिस्तूल दिसायलाही वेगळे होते. इतर पिस्तुलांच्या गोळ्या मुठीत असतात, याच्या घोड्याच्या पुढे, चौकोनी पोटात. गोळ्या पट्टीत लावून वरून दाबायच्या. एक सुटली की दुसरी आपोआप चढे. ज्या लाकडी पेटीत ते राही, तीच पेटी मुठीला मागून जोडली की त्याची छोटी बंदूक होई. रविवारी मामा जुन्या धोतराच्या फडक्यावर ते उघडून बसत. मुठीवरच्या लाकडाला एक स्क्रू, बाकी सगळे भाग एकमेकांत अडकवलेले. "करणाऱ्यानं डोकं लावलं," असे ते दर वेळी म्हणत. पण करणाऱ्याने ते करणे कधीच बंद केले होते. त्याहून लहान, स्वस्त आणि खिशात मावणारी पिस्तुले निघाली होती. परदेशी गोळ्या येणे थांबले. अमरावतीचा बंदूकवाला मामांना बघताच दुकानातूनच मान हलवायचा. बारा बोरच्या बंदुकीची काडतुसे मात्र त्याच्याकडे हवी तेवढी.

मी शाळेत असल्यापासून एकदा तरी ते वाजवून दाखवा म्हणून मामांच्या मागे असे. ते म्हणत, "बी. ए. हो, मग वाजवतो." निकाल लागला त्या दिवशी मीच त्यांना त्या बोलण्याची आठवण करून दिली. मामांनी पेटी खांद्याला अडकवली आणि आम्ही गावामागच्या कोरड्या नाल्यावर गेलो. समोरच्या दरडीत त्यांनी एकामागून एक गोळ्या झाडल्या. बाभळीवरचे बगळे उडाले. मी लहान मुलासारखा टाळ्या वाजवत होतो. शेवटच्या आवाजानंतर पिस्तुलाचा मागचा खटका मागेच राहिला. मी विचारले, "संपल्या का मामा?"

"पेटीत हायेत अजून," म्हणत त्यांनी तो खटका बोटाने हळूच पुढे आणला.

मी अकोल्याला मास्तर झालो. मामा त्यानंतरही हंगामामागून हंगाम रोकड पोचवत होते. मग एके वर्षी त्यांचे पत्र आले की गोळ्या नाहीत म्हणून शेठजींनी बारा बोरवाला माणूस ठेवला आहे, काळजी करू नको. मी लगेच उत्तर पाठवले.

बाकीचे मला मामींनी परवा सांगितले. त्या वर्षीच्या दसऱ्याला शेठजींच्या सरकी काढायच्या जिनावर शस्त्रपूजा होती. धाकट्या शेठजींनी पिस्तुलाला कुंकू लावले आणि शकुनाचा एक बार काढा म्हणाले. मामांनी गोळ्या नाहीत असे सांगितले. कधीपासून नाहीत, असे शेठजींनी विचारले. मामा म्हणाले, "भाचा बी. ए. झाला तवापासून." चारचौघांत सांगितले. मामी म्हणाल्या, ते सांगताना त्यांची मान ताठ होती. म्हणजे नाल्यावरच्या त्या दिवसापासून ते रिकामे पिस्तूल घेऊन दुसऱ्याच्या पैशामागे चालत होते. कोणी अडवले असते तर...

"मी म्हनलं होतं त्याईले, दोन तरी ठेवा," मामी म्हणाल्या. "तर म्हने, दोन ठेवल्या तर पोराले आवाज कमी येईन."

मला का कळवले नाही, असे मी विचारले. मामींनी पदराने डोळे पुसले. "तू मनाले लावून घेशीन म्हने. तुह्यं पत्र आलं तवा मले वाचून दाखवलं त्याईनं. दोनदा वाचलं. म्हने, किती चांगल्या भाषेत लिवलं पाह्य पोरानं."

ते पत्र मामींनी माझ्या हातात दिले. एक अक्षर न बदलता इथे उतरवून देतो.

"तीर्थरूप मामांस, सविनय जयभीम.

आपले पत्र पोचले. नोकरी गेल्याचे वाचून वाईट वाटले. परंतु मामा, स्पष्ट लिहितो, राग नसावा. यात शेठजींचा दोष मला दिसत नाही. या जातीची पिस्तुले आता कोणी करत नाही आणि गोळ्या मिळणार नाहीत, हे आपणास कित्येक वर्षे ठाऊक होते. मी अभ्यास संपवून उठलो की कंदिलाची वात खाली करायला आपणच मला शिकवले. मग ज्या गोळ्यांवर आपले पोट होते त्या आपण अशा कशा संपू दिल्या? दोन जरी राखून ठेवल्या असत्या तर आज ही वेळ आली नसती. असो. आता ते पिस्तूल सरकारात जमा करून मोकळे व्हावे. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
रामचंद्र, बी. ए."