खटक्याचा कॅमेरा

रामघाटावर फोटो काढणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि गळ्यात दोन कॅमेरे, एक जुना, दगडासारखा जड, आणि एक नवा, बिनआवाजाचा. आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आम्ही नानाखेड्यातल्या घरून घाटावर आलो होतो. बाबा आयुष्यात एकाही फोटोत हसलेले नव्हते.

"भैया, नए वाले से ही लो ना," मी म्हणालो. "इतनी खटखट काहे को?"

त्याने जुनाच कॅमेरा डोळ्याला लावला. "साहब, हिलना मत." बाबा परेडला उभे असल्यासारखे ताठ झाले. आईने श्वास रोखून धरला. खटाक असा मोठा आवाज झाला.

"झालं बाई एकदाचं," म्हणत आईने खांदे सैल सोडले. बाबा तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि दोघंही हसत सुटली.

थोड्या वेळाने त्याने नव्या कॅमेऱ्यावर मला फोटो दाखवला. त्यात बाबा चक्क दात दाखवून हसत होते. तो कधी काढला, आम्हाला कोणालाच कळलं नव्हतं.

"और पुराने वाले में?" मी विचारलं.

"उसमें तो कार्ड ही नहीं है," तो हळूच म्हणाला. "पर खटका सुने बिना लोग साँस नहीं छोड़ते."

तो फोटो आता आमच्या बैठकीत लावलाय. आल्यागेल्याला बाबा तो कौतुकाने दाखवतात आणि वर सांगतात, "जुन्या कॅमेऱ्याची सर नव्याला नाही."

मी दर वेळी हो म्हणतो.