उलट्या टी-शर्टची दहा मिनिटं

आमच्या व्हॉलंटिअर ग्रुपमध्ये कुणी नुसतं "ए, आठवतं का..." म्हटलं की संपलं! चहा गार होतो आणि ऑफिसचे कॉल राहून जातात. बंगळुरूच्या कॉमिक्स कन्व्हेन्शनला मी सहा वर्षं हौसेनं राबतेय. लोक तिथून पोस्टर घरी नेतात, मी किस्से नेते.

*

आमची हेड सुमाअक्का. इथल्याच चामराजपेटची. घरी मराठी, पण त्यात कन्नड पुरती मुरलेली. पहिल्याच दिवशी तिनं मला बाजूला घेतलं.

"स्वल्प ऐक गं. हा पिवळा टी-शर्ट अंगात आहे तोवर तू फॅन नाहीस. सेल्फी नाही, सही नाही, किंचाळायचं तर अजिबात नाही. सरी?"

"सरी अक्का. पण अगदीच राहवलं नाही तर?"

"दहा मिनिटं ब्रेक घे, टी-शर्ट उलटा घाल आणि सगळ्यांसारखी लाईनच्या शेवटी उभी राहा!"

"म्हणजे स्वल्पविराम!" तिचं 'थोडं' या अर्थाचं कन्नड 'स्वल्प' उचलून मी म्हटलं.

झालं! तेव्हापासून ब्रेकचं नावच ते पडलं. आता कन्नड मुलंही वॉकीटॉकीवर ओरडतात, "अक्का, स्वल्पविराम बेकु!" म्हणजे ब्रेक हवाय!

*

आमचा नागपूरचा निखिल एकदा स्वल्पविराम संपल्यावर टी-शर्ट सुलटा करायलाच विसरला आणि तसाच गेटवर जाऊन लोकांचे पास बघायला लागला. सिक्युरिटीच्या अण्णांनी त्याचा दंड धरला. "पास तोरिसि!" पास दाखवा म्हणे!

"अबे, पासच तर चेक करून राहिलो ना मी!"

अण्णांनी त्याला शांतपणे बाहेर नेऊन तिकिटाच्या लाईनीत उभं केलं. हा शहाणा अर्धा तास तिथे उभा राहिला!

*

याच निखिलनं दुसऱ्या वर्षी स्टेजशेजारी टेकलेला पुठ्ठ्याचा रोबो बघितला. डेकोरेशन समजून त्यानं आणि आणखी एका व्हॉलंटिअरनं तो उचलला आणि स्टोअररूमकडे निघाले. अर्ध्या वाटेत रोबो म्हणाला, "भैया, वॉशरूम इसी तरफ है ना?"

विचारल्याशिवाय कुणाच्या कॉस्च्युमला हात लावायचा नाही, हा आमचा दुसरा मोठा नियम. निखिल आता रिकामी खुर्ची उचलतानाही आधी "एक्स्क्यूज मी" म्हणतो.

*

आई पुण्याहून फोनवर विचारते, "सगळ्या सुट्ट्या तिथे घालवतेस, पाय सुजवून घेतेस. मिळतं काय गं तुला?"

"टी-शर्ट!"

त्यावर ती फोनच ठेवते. तिचंही बरोबर आहे म्हणा. मावसबहिणीच्या रिसेप्शनला मी कन्व्हेन्शन आटोपून थेट पोचले होते. तिथे एक आजोबा बाजूनंच स्टेजवर चढायला लागले. माझा हात आपोआप आडवा झाला. "सर, लाईनमधून या!"

नवऱ्यामुलाचे सख्खे आजोबा होते हो ते! बिचारे मुकाट्यानं खाली उतरून लाईनीत उभे राहिले. मावशी अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

*

आणि या वर्षी, अहो, किटलीसर आले! चौथीत असल्यापासून मी त्यांच्या 'कॅप्टन किटली' कॉमिकसाठी वेडी आहे. माझ्या पुस्तकाची शिवण बाबांनी सुईदोऱ्यानं दोनदा घातलीय. सरांचा हात आता थरथरतो. आल्या आल्याच त्यांनी जाहीर केलं होतं, आजच्यानंतर सह्या बंद. म्हणजे आज नाही तर कधीच नाही!

आणि माझी ड्युटी कुठे? त्यांच्याच टेबलाशी! दिवसभर मी सरांपासून हातभर अंतरावर, अंगात पिवळा टी-शर्ट, पुस्तक बॅगेत. जीव नुसता कासावीस झाला होता.

दुपारी सरांनी निखिलकडे बोट दाखवलं. "त्या मुलानं टी-शर्ट उलटा का घातलाय?"

मी सगळं सांगितलं. सर पोट धरून हसले. "मग तुमचा स्वल्पविराम कधी, मॅडम?"

"पाच वाजता, सर."

पाचला मी टी-शर्ट उलटा केला आणि पुस्तक छातीशी धरून लाईनच्या शेवटी उभी राहिले. माझ्या मागेही लोक येतच होते. माझ्यापुढे आठ जण उरले, तेवढ्यात अक्का वॉकीटॉकीवर आली. "सरांचा हात दुखतोय गं. आणखी आठच घे आणि लाईन बंद कर."

लाईन बंद करायचं काम कुणाचं? माझंच! आठ मोजले. नववी मी.

आत दुसरा टी-शर्ट होता. तिथेच पिवळा काढून सुलटा घातला, पुस्तक काखेत मारलं आणि 'लाईन बंद' बोर्ड उंच धरला. मागच्यांना सॉरी म्हणता म्हणता मलाच रडू यायला लागलं. आठही जण सही घेऊन गेले.

मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, एक सही मिळेल का?"

मी डोळे पुसत, वळूनही न बघता म्हटलं, "सर, लाईनमधून या!"

"बरं."

कुणीतरी सावकाश चालत माझ्यापुढे आलं आणि बोर्डासमोर पहिला नंबर लावून उभं राहिलं. किटलीसर! कोट उलटा घातलेला, अस्तर बाहेर, खिसे लोंबतायत. त्यांनी वही आणि पेन पुढे केलं.

"आलो लाईनमधून. आधी तुमची सही, मग माझी. चला लवकर, दहाच मिनिटं आहेत हं, मॅडम!"