ऑर्किडच्या ओठावरचं कुंकू

माझा आवाज मोठा आहे. शाळेत विज्ञान शिकवून शिकवून तसा झालाय, असं मी म्हणते. वडील म्हणतात, जन्मतःच तसा होता. त्या सकाळी हा आवाज मी सासूबाईंवर चढवला, तोही देव्हाऱ्यासमोर, एका फुलापायी.

फूल मॉथ ऑर्किडचं, पांढऱ्या पतंगासारखं. माझे वडील अकोल्यात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांनी हे रोप कुठल्याशा प्रदर्शनातून आणलं होतं. अकोल्याच्या उन्हात ते कसंबसं तग धरून राहिलं, म्हणून शेवटी वैतागून त्यांनी वलगावला माझ्याकडे आणून टाकलं. "तुमच्याकडे विहिरीजवळ गारवा आहे, हिरवी जाळी आहे. जगलं तर जगलं." नावाची चिठ्ठी हरवलेली. पांढरं फुलेल, एवढंच विकणारा म्हणाला होता.

आता पांढऱ्या मोठ्या फुलांच्या दोन जाती आहेत, अमाबिलिस आणि अफ्रोडाइट. सख्ख्या बहिणीच त्या. पानांवरून आम्हाला काही उमगेना, फूल येईपर्यंत थांबणं भाग होतं. या फुलाच्या मधोमध एक पाकळी अगदी वेगळी असते, तिला ओठ म्हणतात. ओठाचं टोक फुलीसारखं आडवं फाकलेलं असलं तर अमाबिलिस. सरळ त्रिकोणी असलं आणि आत लाल रंग जास्त असला, तर अफ्रोडाइट. तीन वर्षं आम्ही बापलेक फोनवर यावरून भांडत होतो. वडिलांचं मत अफ्रोडाइट, म्हणून माझं अमाबिलिस!

अखेर दांडी आली, कळ्या आल्या, आणि एका संध्याकाळी पहिली कळी उमलायला लागली. सकाळी उजेडात नीट बघू, म्हणून मी झोपले. सकाळी जाऊन बघते तर दांडीवर फूलच नाही.

आमचं घर फुलांवर चालतं. झेंडू, शेवंती, मोगरा. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून रोज पहाटे टोपली घेऊन वाफ्यात शिरतात. बाजाराचा माल नंतर. पहिली ओंजळ घरच्या देवाची. उमललेलं दिसलं की त्यांचा हात जाणारच. मला हे का सुचलं नाही, देव जाणे. बाळकृष्णाच्या मुकुटात माझं ऑर्किड खोचलेलं होतं, वर हळदकुंकू वाहिलेलं.

"अहो आई, हे काय केलंत!"

"काहून? नवं फूल हाय, पयलं देवाले वाह्यलं."

"तीन वर्षं वाट बघत होते मी! तुमच्या हाताला काही कळतं की नाही?"

असं मी म्हणाले आणि फूल मुकुटातून ओढलं. सासूबाईंनी हात पदराला पुसले आणि आत गेल्या.

रागाच्या भरात नीट न बघताच मी फोटो काढून वडिलांना पाठवला. पाच मिनिटांत फोन. "बघ, बघ! केवढा लाल आहे! अफ्रोडाइट! मी आत्ताच नावाची पाटी लिहायला घेतो." मी चडफडत फोन ठेवला. संध्याकाळी त्या फुलावरून ओला कापूस फिरवला, तर लाल रंग कापसावर उतरला. कुंकू! आणि ओठाचं टोक? ते फुलाला नव्हतंच. मी ओढलं तेव्हा फाटून मुकुटातच राहिलं होतं, आणि आता चिमूटभर चोथा झाला होता. देठ मात्र सासूबाईंनी इतका साफ खुडला होता की दांडीवर ओरखडासुद्धा नव्हता.

वडिलांना मी कुंकवाचं सांगितलं. ते पोट धरून हसले. "आणि टोक?" "मुकुटात अडकून फाटलं," मी म्हणाले. कोणी फाडलं ते गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई वाफ्यात गेल्या नाहीत. बाजाराची फुलं मजूर बायांनी तोडली. टोपली खुंटीला उलटी टांगलेली. फुलांच्या घरातले देव नुसत्या अक्षतांवर बसले. असे आठ दिवस. "आई, रागावले मी, चुकलं माझं," असं मी दोनदा म्हटलं. "नाई वो बाई, तुह्यावर काहून राग धरू?" एवढंच म्हणून त्या तांदूळ निवडायच्या. तेही हळू, बोटांवरचा भरवसा उडाल्यासारखं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला घरात तोंड वर करून फिरवेना.

नवव्या दिवशी दुसरी कळी उमलली. वडील भिंग घेऊन अकोल्याहून एसटीनं आले. फुलाभोवती दोन फेऱ्या मारल्या, मान तिरकी करून बघितलं. "झाडावर नीट दिसत नाही. खुडावं लागेल. माझा हात थरथरतो, तू खुड."

मी हात पुढे केला आणि मागे घेतला. ओट्यावर सासूबाई बसल्या होत्या, हात मांडीत दाबून.

"आई, तुम्ही तोडा."

"माह्या हाताले त काही कयत नाई ना?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगून टाकलं, "बाबा, पहिलं फूल देवाच्या मुकुटात फाटलं नाही. मी रागानं ओढलं, मी फाडलं. आईंनी तर कसं अलगद खुडलं होतं."

"मले मालूम हाय," सासूबाई म्हणाल्या. "म्या पायलं होतं."

"मग बोललात का नाही, आई?"

"काय बोलू? इवायाजवळ त्याच्याच लेकीची चुगली करू?"

मला रडू कोसळलं. त्या उठल्या, "आता नाक पूस आंधी," म्हणाल्या आणि अंगठ्याच्या नखानं देठ टचकन खुडला. दांडी हललीसुद्धा नाही. वडिलांनी भिंग लावलं. ओठाचं टोक आडवं फाकलेलं, चक्क फुली, तिच्या पुढे मिशांसारखे दोन वळलेले तंतू. आत लाल जेमतेम.

"अमाबिलिस," वडील पुटपुटले. "जिंकलीस."

तीन वर्षांचं भांडण जिंकले, आणि मी सासूबाईंची बोटं हातात धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी उठले तर खुंटीवर टोपली नव्हती. देव झेंडूत बुडाले होते. विहिरीजवळ धावत गेले. तिसरं फूल उमललं होतं, दांडीवरच होतं. कुंकवाचं बोट कुंडीला लावलेलं.

"फुलाले नाई लावलं!" सासूबाई वाफ्यातून ओरडल्या. "पायजे त तुह्या बापाले फोटो पाठव!"

आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.