औषध घेतलं की मारलं

अमरावतीच्या प्रयोगशाळेत विषबाधेच्या तपासासाठी मयताच्या जठराच्या, रक्ताच्या सीलबंद बाटल्या येतात. त्या मी घेते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि नियमाला पक्की.

अकोल्याकडून एक वयस्क पोलीस शिपाई यायचा. एसटीत तो बाटल्यांची पेटी मांडीवरच ठेवायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा बाटल्यांसोबतच्या पत्रात होतं, ‘मयताने औषध घेतले.’ आमच्याकडे त्याचा अर्थ विष पिणं.

तो म्हणाला, "मॅडम, ठाण्यात सवयीनं लिवलं. त्याची माय म्हणते, पोरानं औषध घेतलं नाही, पिकावर मारलं. फवारणीचा पंप पाठीवर गळत होता. हा शर्ट बी तपासा."

"पत्रात शर्ट नाही. घेता येत नाही."

"कालेज शिकलेल्या पोरी लय कडक राह्यते," म्हणत तो परत गेला आणि दुसऱ्या दिवशी नवं पत्र घेऊन आला.

तपासणीत विष रक्तात आणि शर्टाच्या पाठीवर निघालं, जठरात नाही. अहवाल न्यायला आला तेव्हा त्यानं तो दोनदा वाचला.

"मंग मायले काय सांगू?"

मत देणं माझं काम नव्हे. तरी बोलले, "सांगा, तुहा पोरगा औषध पेला नाही."