खड्ड्यातला खुंट

वच्छलाबाईंना एका जागी बसवणं कोणाच्या बापाला जमलं नाही. त्यांच्या मुलानं, अश्वजितनं, ते मनावर घेतलं. तो भंडाऱ्याला बँकेत लागला, घर बांधलं आणि आईला कोंढ्याहून उचलून आणलं. आता तिनं आराम करावा, एवढीच त्याची इच्छा. पोरांना आईची माया आली की आधी ती तिच्या हातातलं काम काढून घेतात.

बाईंचं अर्धं आयुष्य रोजगार हमीच्या मातीत गेलं. गावच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, खोल केल्या, रस्त्यावर मुरूम टाकला, त्यावरच पोराला शिकवलं. त्या कामाची एक रीत होती. खोदताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट तसाच सोडायचा. आधी जमीन किती उंच होती, ते त्यावरून कळे. साहेब येऊन माप घेई, मगच खुंट पाडायचा. माप झालं तर मजुरी, नाही तर घाम फुकट. बाई अशा खोदत की मुकादमच म्हणे, "वच्छला, जरा दम घे." तो काही त्यांनी घेतला नाही.

भंडाऱ्यात भांड्यांना बाई, कपड्यांना मशीन. वच्छलाबाई उठत, फाटकापर्यंत जात, परत येत, पुसलेला ओटा पुन्हा पुसत. सून खुशबू हातातलं फडकं काढून घेई. "राहू द्या ना, आई." त्यात त्यांचं जेवण तुटलं. चार घास भात चिवडायचा नि ताट सारायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. आई अशीच हातची जाईल, या धास्तीनं अश्वजितची झोप उडाली.

एका रविवारी खुशबूनं आणलेलं लिंबाचं रोप अंगणात ठेवून दोघं पवनीला लग्नाला गेली. संध्याकाळी परतली तर घरामागं म्हैस मावेल एवढा चौकोनी खड्डा, मधोमध मातीचा खुंट, आणि काठावर शेजाऱ्याची कुदळ घेऊन घामाघूम वच्छलाबाई.

"माय, एवढ्याशा रोपाले एवढा खड्डा कायले?" अश्वजित हसला. "आन् हा खुंट काहून ठेवला?"

"माप घेतल्याबिगर कसा पाडू? घे माप."

त्याला थट्टा वाटली. पण बाई हलेनात. एकदा त्याच्याकडे, एकदा खुंटाकडे बघत राहिल्या. शेवटी तो टेप घेऊन खड्ड्यात उतरला. लांबी, रुंदी, खोली मोजली.

"बराबर हाय?"

"हाय, माय."

बाईंनी खुंट पाडला, हातपाय धुतले आणि जेवायला बसल्या. भात मागितला, वरण मागितलं, पुन्हा भात मागितला. खुशबू खुशीत वाढत होती. इतके दिवस आईला आपल्या घरचा भात फुकटचा वाटत होता, हे अश्वजितला आत्ता कळलं, आणि ते फार लागलं.

"माय, हे तुयाच पोराचं घर हाय," तो म्हणाला.

"हाय ना." ताट बोटानं पुसून घेत त्या म्हणाल्या, "उद्या काम कुठं हाय?"